पास इंटरफिअरन्स, होल्डिंग की काहीच नाही? कॉल बरोबर ओळखण्याचा क्रम

अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हर (पास झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (त्याला अडवणारा डिफेन्डर) एकमेकांवर आदळले की घरातल्या सोफ्यावरून एकच आरोळी उठते: "पास इंटरफिअरन्स!" म्हणजे पास झेलताना बेकायदा अडथळा. बऱ्याचदा तो फाउलच नसतो. कधी फाउल असतो, पण दुसराच, आणि त्याचा दंडही वेगळा. चूक एकाच जागी होते. आपण धक्का आधी बघतो आणि बाकीचं नंतर आठवायला जातो.

एलबीडब्ल्यूचं अपील झालं की पंच काय करतो ते आठवा. नो-बॉल होता का, टप्पा लेगच्या बाहेर होता का, पॅडला कुठे लागला, यष्टीवर जात होता का. प्रश्न ठरलेले आणि त्यांचा क्रमही ठरलेला. एका ठिकाणी अडलं की पुढचं बघायची गरजच नाही. फुटबॉलमधला हा कॉलही तसाच सोडवायचा. खाली जिथे वेगळं म्हटलेलं नाही तिथे नियम एनएफएलचे (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आहेत. कॉलेज आणि हायस्कूलचे फरक शेवटी दिले आहेत, आणि मुलांच्या मॅचला जाणाऱ्या आई-बाबांनी ते आवर्जून वाचावेत.

तयारी: स्नॅपच्या आधीचे पाच-सहा सेकंद

स्नॅप म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू होणं. हे काम बॉल हवेत गेल्यावर होत नाही. टीम रांगेत उभ्या राहतात तेव्हाच तीन गोष्टी बघून ठेवा.

पहिली म्हणजे लाइन ऑफ स्क्रिमेज, खेळ जिथून सुरू होतो ती रेघ. टीव्हीवर बहुतेक वेळा ती निळ्या रेघेने दाखवतात, आणि पिवळी रेघ फर्स्ट डाउनची, म्हणजे चार डाउनमध्ये (प्रयत्नांत) जिथवर पोचायचं ती. मैदानावर दर ५ यार्डांना आडवी पांढरी रेघ असते आणि मधे प्रत्येक यार्डाची छोटी खूण. निळ्या रेघेपासून ५ यार्ड पुढे कुठे येतात ते डोळ्यांनी मोजून ठेवा. स्नॅप २८ यार्डांवर असेल आणि टीम वर चढत असेल, तर तुमची हद्द ३३.

दुसरी म्हणजे कॉर्नरबॅक कुठे उभा आहे. रिसीव्हरच्या नाकासमोर असेल तर पहिल्या ५ यार्डांत झटापट होणारच, आणि तिच्यातली बरीचशी कायदेशीर असते. ७-८ यार्ड मागे उभा असेल तर त्याला हात लावायला कायदेशीर जागा जवळपास उरतच नाही.

तिसरी म्हणजे संघ पंटच्या (बॉल लाथेने दूर मारून देण्याच्या) रचनेत आहे का. असेल तर रांगेच्या टोकाला किंवा त्याच्याही बाहेर उभ्या खेळाडूंना अडवल्याबद्दल डिफेन्सवर पास इंटरफिअरन्स देत नाहीत. खोटा पंट करून पास फेकला तरी नाही. डिफेन्सला ते खेळाडू पंट परतवणाऱ्याला अडवायला पळणारे वाटणार, म्हणून ही सूट. होल्डिंग मात्र तेव्हाही देता येतं.

इशारा: टीव्हीचा मुख्य कॅमेरा क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) असतो. दूरचे रिसीव्हर चौकटीत येतात तेव्हा बॉल बहुधा सुटलेला असतो. त्याआधी काय घडलं ते तुम्ही पाहिलेलंच नसतं. म्हणून फ्लॅग (फाउलसाठी पंच टाकतो ते पिवळं फडकं) पडला आणि तुम्हाला काही दिसलं नाही, तर पंचाला शिव्या देण्याआधी रिप्लेची वाट बघा.

टप्पा १: घड्याळ. बॉल कुठे होता?

सगळा गोंधळ या एका प्रश्नावर सुटतो किंवा अडतो. डिफेन्सच्या बाजूने एका पासचे तीन भाग पाडा.

१. बॉल अजून क्वार्टरबॅकच्या हातात आहे. या वेळात डिफेन्सकडून पास इंटरफिअरन्स होऊच शकत नाही. झालाच तर तो इल्लीगल कॉन्टॅक्ट किंवा डिफेन्सिव्ह होल्डिंग.

२. बॉल हातातून सुटला आहे आणि अजून कुणाला लागलेला नाही. डिफेन्सचा पास इंटरफिअरन्स फक्त याच खिडकीत.

३. बॉलला कुणाचा तरी हात लागला. खिडकी बंद. रांगेतल्या एखाद्या धिप्पाड लाइनमनने उडी मारून बॉलला नुसतं बोट लावलं असलं, तरी पुढे खोलवर उभ्या रिसीव्हरला ढकललं म्हणून पास इंटरफिअरन्स मिळणार नाही.

तिसरा भाग सर्वांत जास्त विसरला जातो. पंचांचा घोळका जमतो, चर्चा होते, फ्लॅग उचलून घेतात आणि स्टेडियम खवळतं. अशा वेळी रिप्लेमध्ये कॉर्नरबॅककडे बघू नका. रांगेवर बॉलची फिरकी किंवा दिशा बदलली का, ते बघा.

पहिल्या भागाचं उदाहरण म्हणजे १२ फेब्रुवारी २०२३ चा सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना). ३५-३५ बरोबरी, दोन मिनिटांहून कमी वेळ, तिसरा डाउन आणि ८ यार्ड. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीने चीफ्सच्या जूजू स्मिथ-शुस्टरची जर्सी ओढली. पास त्याच्या हाताला लागण्यासारखा नव्हता, म्हणून अनेकांचा मुद्दा होता की झेलता न येणाऱ्या बॉलवर फ्लॅग कसा? मुद्दा चुकीच्या फाउलचा होता. कॉल होल्डिंगचा होता, आणि होल्डिंगला बॉल झेलता येण्याशी देणंघेणं नाही. जर्सी ओढल्याचं ब्रॅडबेरीने मॅचनंतर स्वतःच कबूल केलं. चीफ्स ३८-३५ जिंकले.

तपासणी: पहिल्या प्रश्नाचं उत्तर "सुटायच्या आधी" आलं तर टप्पा २ करा. "सुटल्यानंतर" आलं तर सरळ टप्पा ३ वर जा.

टप्पा २: बॉल सुटायच्या आधीचा धक्का

इथे दोन फाउल आहेत आणि लोक ते एकच समजतात.

इल्लीगल कॉन्टॅक्ट हा जागेचा फाउल. लाइनपासून ५ यार्डांच्या पट्ट्यात कॉर्नरबॅक समोरच्या रिसीव्हरला छातीवर हात मारून रोखू शकतो, संपर्क सलग ठेवूही शकतो. मात्र रिसीव्हर त्याच्या बरोबरीला येऊन पुढे सरकला की हात काढायचे. पाठीमागून पहिला धक्का ५ यार्डांच्या आतही चालत नाही. ५ यार्डांच्या पुढे, चुकवून निघणाऱ्या रिसीव्हरला आपणहून धक्का देणंच बंद. रिसीव्हरच अंगावर आला तर स्वतःला वाचवायला हात पुढे करता येतात.

याला एक मोठी अट आहे: क्वार्टरबॅक बॉल घेऊन पॉकेटमध्ये असला पाहिजे. पॉकेट म्हणजे दोन्ही टॅकलच्या (क्वार्टरबॅकसमोरच्या रांगेतले टोकाचे लाइनमन) बाहेरच्या कडांमधला, मागे शेवटच्या रेघेपर्यंत जाणारा पट्टा. क्वार्टरबॅक बाजूला पळून त्यातून बाहेर पडला की इल्लीगल कॉन्टॅक्टचं बंधन संपतं. पळता पळता फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या खेळात रिसीव्हरना जोरात ढकललेलं दिसतं आणि फ्लॅग पडत नाही, त्याचं कारण हेच असतं.

डिफेन्सिव्ह होल्डिंग हा पकडीचा फाउल. जर्सी ओढणं, दंड धरणं, कमरेला हात घालून वळवणं. कबड्डीत रेडरचा कपडा धरून चालत नाही तसंच. याला ५ यार्डांची सूट नाही आणि पॉकेटची अटही नाही. क्वार्टरबॅक बाहेर पळाला तरी जर्सी सोडावीच लागते.

दोन्हींचा दंड सारखा: ५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन. तिसरा डाउन आणि २० यार्ड असतील तरी ५ यार्डांच्या दंडावर चार डाउनचा नवा संच मिळतो. डिफेन्सचे कोच या एका वाक्यावर रात्री जागतात.

टप्पा ३: बॉल सुटल्यानंतर. धक्का कुठे लागला?

हा टप्पा छोटा आहे. धक्का लाइनपासून १ यार्डाहून जास्त पुढे लागलेला असला पाहिजे. लाइनवर किंवा मागे पास इंटरफिअरन्स नसतो. क्वार्टरबॅकच्या बाजूला स्क्रीन पास (लाइनच्या मागे दिलेला छोटा पास) घ्यायला थांबलेल्या रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) आधीच खाली पाडलं, तर तो होल्डिंगचा विषय.

टप्पा ४: कोण बॉल खेळतंय?

डिफेन्डरलाही बॉलवर रिसीव्हरइतकाच हक्क आहे. दोघेही बॉलकडे बघत, बॉलसाठी उडी मारत असताना अंगाला अंग लागलं तर तो खेळाचा भाग. आणि शंका असेल तर पंचाने फाउल देऊ नये, असं नियमपुस्तकातच म्हटलेलं आहे.

मग फाउल कशाला म्हणतात? पंच "धक्का जोरात होता का" असं बघत नाहीत. त्यांच्यापुढे ठरावीक प्रकार असतात आणि दिसलेली कृती त्यातल्या कुठल्या खणात बसते ते ते शोधतात. तुम्हीही तसंच करा:

- बॉल खेळत नाही आणि अंगावर जाऊन झेल अडवतो. डोकं रिसीव्हरकडे, अंग रिसीव्हरवर, बॉल अजून यायचाय.
- पाठीतून आरपार. बॉलकडे झेपावतोय खरा, पण वाट रिसीव्हरच्या पाठीतून काढलीय.
- हात धरून ठेवणं. बहुतेक वेळा एकच हात, कॅमेऱ्याच्या पलीकडचा. रिसीव्हर एका हाताने झेलायला बघतोय असं दिसलं की दुसरा हात कुठे आहे ते आधी शोधा.
- आडवा हात. रिसीव्हरच्या छातीसमोर आडवा टाकलेला दंड. डिफेन्डर बॉलकडे बघत असला तरी हा फाउलच.
- आकडा घालून वळवणं. कमरेला किंवा खांद्याला हात घालून बॉल येण्याआधी रिसीव्हरचं अंग फिरवणं. खांदे फिरले का, एवढंच बघा.
- वाट कापणं. बॉल न खेळता रिसीव्हरच्या वाटेत घुसून त्याला अडवणं.

यातलं पहिलं आणि शेवटचं समजायला "आखूड पास" उपयोगी पडतो. क्वार्टरबॅकचा लांब पास थोडा कमी पडतो. रिसीव्हर बॉल बघत असतो, तो वेग कमी करतो. पाठ फिरवून पळणारा कॉर्नरबॅक त्याच्यावर जाऊन आपटतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण तो बॉल खेळत नव्हता, म्हणून फ्लॅग. मला हा नियमातला कच्चा दुवा वाटतो. वाईट फेकलेल्या पासचं बक्षीस फेकणाऱ्यालाच मिळतं, आणि काही क्वार्टरबॅक मुद्दाम आखूड टाकतात असा संशय यायला जागा आहे.

नेहमीची चूक १: "त्याने मान वळवली नाही, म्हणजे फाउल." मान न वळवणं हा फाउल नाही. डोळ्यांसमोर नुसते हात नाचवले आणि अंगाला स्पर्शच केला नाही, तर तेही चालतं. मान वळवली नसेल तर एवढंच होतं की पुढे स्पर्श झाल्यावर "मी बॉल खेळत होतो" असं म्हणायला तोंड उरत नाही.

नेहमीची चूक २: पायात पाय. दोघेही बॉल खेळत असताना किंवा दोघेही खेळत नसताना पाय अडकून कुणी पडला, तर तो अपघात. रिसीव्हर बॉल खेळतोय आणि डिफेन्डर नाही, अशा वेळी मात्र सूट मिळत नाही.

टप्पा ५: झेल खरंच हुकला का, आणि मिळण्यासारखा होता का?

हात पाठीवर ठेवला पण रिसीव्हरचं काही अडलं नाही, तर फाउल नाही. "हात लागला" आणि "झेल अडला" या वेगळ्या गोष्टी. स्लो मोशनमध्ये प्रत्येक स्पर्श गुन्ह्यासारखा दिसतो, म्हणून एकदा तरी रिप्ले खऱ्या वेगात बघा.

मग शेवटचा प्रश्न. पास स्पष्टपणे झेलण्यापलीकडचा होता का? दहा फूट डोक्यावरून गेला, प्रेक्षकांत पडला, तर पास इंटरफिअरन्स नाही. "स्पष्टपणे" हा शब्द महत्त्वाचा आहे. धक्का नसता तर रिसीव्हर पोचला असता का, असं विचारायचं. धक्का बसल्यानंतर तो कुठे होता, यावरून ठरवायचं नाही.

हे किती अवघड आहे ते १८ नोव्हेंबर २०१३ ला दिसलं. पॅंथर्स विरुद्ध पेट्रियट्स, शेवटचा खेळ, पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा एंड झोनमध्ये (जिथे टचडाउन होतो त्या पट्ट्यात) पास. पॅंथर्सच्या ल्यूक कीकलीने पेट्रियट्सच्या रॉब ग्रॉन्कोव्स्कीला अक्षरशः मिठीत घेऊन मागे नेलं. बॉल मात्र पुढेच आखूड पडला आणि दुसऱ्या डिफेन्डरने तो पकडला. फ्लॅग पडला, पंच जमले, फ्लॅग उचलला. पॅंथर्स २४-२० जिंकले. माझं मत? मिठी नसती तर ग्रॉन्कोव्स्की पुढे येऊ शकला असता की नाही हे "स्पष्ट" नव्हतं, म्हणून फ्लॅग राहायला हवा होता. पण माझी बायको याच प्लेवर माझ्याशी उलट बाजूने भांडते, आणि आम्ही दोघेही वरचेच टप्पे वापरतो.

उलट टोकाचं उदाहरण २० जानेवारी २०१९ चं. सेंट्स विरुद्ध रॅम्स, २०-२० बरोबरी, तिसरा डाउन आणि १०, रॅम्सची १३ यार्डांची रेघ, १ मिनिट ४९ सेकंद बाकी. रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने सेंट्सच्या टॉमीली लुईसला बॉल येण्याआधीच उडवलं. बॉल सुटलेला होता. १ यार्डाच्या बराच पुढे होता. डिफेन्डरने बॉलकडे बघितलंही नव्हतं. झेल अडला. पास झेलण्याजोगा होता. पाचही प्रश्नांना "हो", आणि फ्लॅग नाही. रॅम्स ओव्हरटाइममध्ये २६-२३ जिंकून सुपर बोलला गेले. त्यानंतर २०१९ च्या हंगामापुरता पास इंटरफिअरन्स रिप्लेवर तपासायची सोय केली, ती एका वर्षात गुंडाळली. म्हणून आज कोच लाल फ्लॅग (रिप्ले तपासायची मागणी) टाकत नाही तेव्हा "टाक ना" असं ओरडू नका. या कॉलवर त्याला तो टाकताच येत नाही.

टप्पा ६: आता ऑफेन्सकडे बघा

ऑफेन्ससाठी (बॉल असलेल्या संघासाठी) घड्याळ वेगळं चालतं. त्यांच्यावरचं बंधन स्नॅपपासूनच सुरू होतं आणि बॉलला कुणाचा हात लागेपर्यंत राहतं. यामुळेच "बॉल अजून फेकलाच नव्हता" हा बचाव रिसीव्हरला मिळत नाही.

दोन गोष्टी शोधा. एक, ढकलून जागा काढणं. वळणाच्या क्षणी रिसीव्हरचा कोपर सरळ झाला आणि दोघांमध्ये फट पडली, तर फाउल. हात लावला पण फट पडली नाही, तर नाही. दोन, वाटेत उभं राहून अडवणं. दोन रिसीव्हर एकमेकांना कापत धावतात आणि एक जण दुसऱ्याच्या कॉर्नरबॅकला अडवतो. लाइनपासून १ यार्डापर्यंत हे चालतं, त्यापुढे नाही. तो खरंच आपली वाट धावत होता आणि डिफेन्डर येऊन आदळला, तर फाउल नाही. ओळखायची खूण म्हणजे खांदे. अडवणारा खांदे डिफेन्डरकडे वळवतो, पाय रोवतो. धावणारा धावतच राहतो.

दंड १० यार्ड, आधीच्या जागेपासून, आणि डाउन पुन्हा.

टप्पा ७: दंडाचा हिशोब, आणि कुठली लीग?

मागे एका शनिवारी हायस्कूलच्या मॅचला मी गॅलरीतून "फर्स्ट डाउन, फर्स्ट डाउन" असा घसा फोडत होतो. शेजारच्या मुलाच्या बाबांनी हळूच सांगितलं, "इथे आपोआप मिळत नाही." मग मी उरलेला वेळ कॉफी पीत बसलो.

एकच प्रसंग तीन ठिकाणी लावून बघा. तिसरा डाउन आणि २० यार्ड, बॉल स्वतःच्या ३० वर. ४० यार्ड पुढे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या ३० वर, डिफेन्सने पास इंटरफिअरन्स केला.

१. एनएफएल: बॉल फाउलच्या जागी, प्रतिस्पर्ध्याच्या ३० वर. फर्स्ट डाउन.

२. कॉलेज: जास्तीत जास्त १५ यार्ड. बॉल स्वतःच्या ४५ वर, फर्स्ट डाउन. फाउल १५ यार्डांच्या आत झाला असता तर बॉल त्या जागी.

३. हायस्कूल: १५ यार्ड, बॉल ४५ वर, पण आपोआप फर्स्ट डाउन नाही. तिसरा डाउन आणि ५. हा बदल २०१३ चा.

एनएफएलमध्ये फाउल एंड झोनमध्ये झाला तर बॉल साधारणपणे १ यार्डाच्या रेघेवर येतो. टचडाउन थेट देत नाहीत. झेल झालाच असेल तर संघ दंड नाकारून झेल घेतो. हाफच्या शेवटच्या खेळात डिफेन्सचा फाउल स्वीकारला तर घड्याळ शून्यावर असूनही एक खेळ आणखी मिळतो. हे विसरून टीव्ही बंद करणारे मी पाहिले आहेत.

इशारा: ५ यार्डांचा इल्लीगल कॉन्टॅक्ट हा एनएफएलचा नियम. कॉलेज आणि हायस्कूलमध्ये ती रेघच नाही. तिथे रिसीव्हर डिफेन्डरला ब्लॉक करू शकतो अशा स्थितीत असेपर्यंत त्याला समोरून रोखता येतं. तो बरोबरीला आला किंवा दूर निघाला की हात काढायचे. तिथे डिफेन्सिव्ह होल्डिंगही १० यार्डांचं. ऑफेन्सचा पास इंटरफिअरन्स दोन्हीकडे १५ यार्डांचा.

सराव: एक क्वार्टर, हातात वही

शेवटी पंचाची खूण बघा. दोन्ही तळवे खांद्यापासून पुढे ढकलले तर पास इंटरफिअरन्स. मूठ छातीसमोर आणि तिचं मनगट दुसऱ्या हाताने धरलेलं, तर होल्डिंग. एकच उघडा हात पुढे, तर इल्लीगल कॉन्टॅक्ट. एका हाताचा आडवा तळवा डोक्यावरून पुढे-मागे फिरवला तर पास झेलण्यापलीकडचा.

रविवारी रात्री, भारतात साडेदहा-साडेअकराला पहिल्या मॅच सुरू होतात. त्यातला एकच क्वार्टर घ्या. प्रत्येक पासवर आवाज बंद ठेवा आणि वहीत तीनच शब्द लिहा: घड्याळ, जागा, बॉल. फ्लॅग पडला की रेफरीने माइकवर सांगण्याआधी तुमचा कॉल लिहा, मग आवाज सुरू करा. पहिल्या दिवशी माझे सहापैकी दोन बरोबर आले होते, आणि चुकलेल्या चारांपैकी तीन पहिल्याच प्रश्नावर चुकले होते.